नेलपॉलिशचा ठिपका

ट्रेलरचा ब्रेक नक्की कुठे लावला की बरोबर बसतो, हे आर्लन हौगनने बायकोच्या नेलपॉलिशने कायमचं ठरवून टाकलं, आणि त्याच्या दृष्टीने तो विषय तिथे संपला. खरं तर तो तिथे सुरू झाला होता. पण आर्लनला एखादी गोष्ट संपली असं वाटलं, की ती पुन्हा सुरू करायची छाती घरात कुणाची नव्हती. निदान त्याच्यासमोर तरी नव्हती.

शनिवारची सकाळ होती. साडू लायल आणि मेव्हणी ग्वेन नाश्त्याला आले होते, कारण चौघांना मिळून तळ्यावर जायचं होतं. नॉर्मा आणि ग्वेन या दोघी बहिणींच्या माहेरच्या मंडळींचा मेळावा दर जुलैमध्ये तळ्यावर भरत असे. यंदा त्यात टिली मावशीची नव्वदी होती. मावशीसाठी नॉर्माने तीन मजली, मध्ये लिंबाचं सारण आणि वरून नारळाचा कीस असा केक केला होता, आणि त्यापायी दोन दिवस स्वयंपाकघरात कुणाला पाऊल टाकू दिलं नव्हतं.

लायल तिसरं अंडं खात खिडकीतून अंगणातल्या, चाकांवरच्या छोट्या घरासारख्या ट्रेलरकडे बघत होता. दर वर्षी तो असाच बघायचा.

"माझ्या शेडमध्ये फिट बसतो," तो म्हणाला. "वरून चार बोटं जागा राहते. कालच मोजलं."

"गेल्या वर्षीही मोजलं होतंस," आर्लन म्हणाला. "शेड वाढतेय की काय तुझी?"

"हसण्यावारी नेऊ नकोस. सत्तरी आली तुझी. एवढं धूड मागे लावून हाकायचं म्हणजे काय चेष्टा आहे? द्यायचाच आहे एक दिवस, तर घरच्या माणसाला दे."

आर्लनने हातातला टोस्ट ताटात ठेवून दिला. तो ट्रेलर म्हणजे त्याचा जीव होता. त्याच्यात मुलं वाढली होती. एकदा गारपिटीत सगळ्या खिडक्यांना उशा लावून तो आणि नॉर्मा रात्रभर पत्ते खेळत बसले होते, आणि नॉर्मा त्याला अजून त्या रात्रीचे डाव देणं लागत होती. हे सगळं साडूला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याने कॉफीचा घोट घेतला.

बोलली ती नॉर्मा. "हे बघ लायल. केक आम्ही ट्रेलरमधून नेतोय. तळ्यावर तो धड पोचला, तर ट्रेलर आमचा, आणि हा विषय मला पुन्हा माझ्या टेबलावर नकोय. नाही पोचला, तर घेऊन जा तुझ्या शेडमध्ये."

"कबूल," लायल लगेच म्हणाला.

"कबूल," आर्लनही म्हणाला, आणि तेही इतक्या ऐटीत, की ग्वेनने बहिणीकडे पाहिलं आणि बहिणीने छताकडे पाहिलं.

आर्लनची ऐट अगदीच उसनी नव्हती. ट्रेलरच्या ब्रेकमधलं त्याला खरोखरच कळत होतं. त्याच्या पिकअपमध्ये स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी एक जुनी काळी डबी होती. समोर पिकअपचा ब्रेक दाबला की या डबीतून तारेने मागे ट्रेलरच्या ब्रेकला वीज जायची. किती जोरात जायची, ते डबीवरची एक छोटी चकती ठरवायची. चकती कमी फिरवली, तर ट्रेलर थांबायचं नाव घेत नाही आणि मागून पिकअपला ढकलतो. जास्त फिरवली, तर ट्रेलरची चाकं जागच्या जागी आवळतात आणि टायर रस्त्यावर घासत जातात. शुक्रवारी संध्याकाळी आर्लनने भरलेला ट्रेलर घेऊन धान्याच्या कोठारामागच्या सपाट रस्त्यावर पाच-सात फेऱ्या मारल्या होत्या. पायाने ब्रेक न दाबता डबीवरची, फक्त ट्रेलरचा ब्रेक लावणारी दांडी सरकवायची, आणि मागून कुणीतरी हळूच सदरा धरल्यासारखं वाटलं की समजायचं, जमलं. तसं वाटलं, तेव्हा त्याने डबीवरच्या खाचेसमोर चकतीवर नॉर्माच्या नेलपॉलिशचा एक गुलाबी ठिपका दिला. ठिपका खाचेसमोर आहे, म्हणजे ब्रेक बरोबर आहे. एकदा ठिपका दिल्यावर चकतीकडे बघायचं काही कारणच नव्हतं. शिवाय चष्म्याशिवाय ती त्याला दिसतही नव्हती.

केकचा पांढरा खोका नॉर्माने स्वतः ट्रेलरमध्ये ठेवला. आर्लन मदतीला धावला, तर तिने त्याला हाताला धरून बाजूला केलं.

"तू फक्त उशा दे."

त्याने घरातल्या सगळ्या उशा दिल्या. खोक्याच्या चहूबाजूंनी त्या इतक्या रचल्या गेल्या, की केकच काय, टिली मावशीला आत बसवलं असतं तरी तिला धक्का लागला नसता. मग पुढे आर्लनची पिकअप आणि ट्रेलर, मागे लायलची गाडी, अशी वरात निघाली.

पहिल्याच गावात चौकात थांबावं लागलं. आर्लनने ब्रेक दाबला, ट्रेलरने मागून सदरा धरला, आणि नॉर्माच्या हातातली कॉफी तिच्या मांडीवर सांडली. तिने नेमका फोटोसाठी राखून ठेवलेला निळा झगा घातला होता.

"झटका बसतोय," ती म्हणाली.

"झटका नाही तो. पकड आहे."

"मग ती पकड माझ्या झग्यावर कशाला आली?"

"नॉर्मा, ब्रेक ठिपक्यावर आहे," आर्लनने समजूत घातली. "काल मी स्वतः बघितलंय. कप जरा कमी भरत जा."

पेट्रोल पंपावर आर्लन आत पैसे द्यायला गेला, आणि त्याचबरोबर तिथल्या माणसाशी पावसापाण्याच्या गोष्टी करून परत आला, तोवर ती झगा पुसून खिडकीबाहेर बघत शांत बसली होती. भांडण अर्धवट सोडून नॉर्मा शांत बसते, तेव्हा नवऱ्याने काळजी करावी, हे आर्लनच्या इतक्या वर्षांत लक्षात यायला हवं होतं. त्याला वाटलं, तिला पटलं.

नदीचा उतार लागला. ब्रेक दाबला, पिकअप मंदावली, पण ट्रेलर काही मंदावेना. तो मागून सरळ ढकलायला लागला. आर्लनने पाय जोरात दाबला, पूल कसाबसा पार केला, आणि चेहऱ्यावर काहीही दिसू न देता शीळ घालायला सुरुवात केली.

"काय झालं?" नॉर्माने विचारलं.

"काही नाही. चाकातले ब्रेक जरा सैल पडलेत. होतं असं कधीकधी. पाच मिनिटांचं काम आहे."

"नाही तर ती डबी..."

"डबी ठिपक्यावर आहे," आर्लन म्हणाला. नॉर्मा झग्यावरचा डाग पुन्हा पुसू लागली.

थोड्या अंतरावर रस्त्याकडेला झाडं, बाकं आणि संडास अशी थांबायची जागा होती. आर्लनने ट्रेलर तिथे लावला, जॅकने एक चाक उचललं आणि उताणा होऊन खाली सरकला. प्रत्येक चाकामागे एक रबरी बूच असतं. ते काढलं की आत एक छोटं दातेरी चाक सापडतं. ते वाकड्या टोकाच्या लोखंडी पट्टीने एकेक दात फिरवायचं. या पट्टीला म्हणायचं ब्रेकचा चमचा. बाहेरचं चाक हाताने फिरेनासं झालं, की मोजून काही दात उलटे सोडायचे, आणि किती सोडायचे यातच सगळी कला आहे.

आता एखादा माणूस ट्रेलरखाली झोपलेला दिसला, आणि दुसरा माणूस तिथे आला नाही, असं त्या मुलखात कधी घडलेलं नाही. दोन मिनिटांत आर्लनला पायांच्या तीन जोड्या दिसल्या. त्यातली एक लायलची होती.

"ब्रेक का?" अर्ध्या चड्डीतल्या पायांनी विचारलं.

"ब्रेक," आर्लन खालून म्हणाला. "चार, पाच..."

"दहा दात सोडा. माझा मेव्हणा दहा सोडतो."

"दहा?" बूट घातलेले पाय म्हणाले. "दहा सोडले तर ब्रेक लागेल कशाला? मी सहावर थांबतो."

"तुमचा ट्रेलर किती लांब?"

"लांबीचा काय संबंध?"

"सहा, सात..." आर्लन म्हणाला. "का सहाच झाले?"

"मला पाच ऐकू आले," लायल म्हणाला.

आर्लनला आकडा चुकल्याचं कबूल करायचं नव्हतं. त्याने सुरक्षित बाजू म्हणून जरा घट्टच ठेवलं. मग चारही चाकं सारखी असावीत म्हणून उरलेली तीनही तेवढीच घट्ट केली. शेवटच्या चाकाखालून तो ओरडला, "लायल, पिकअपमध्ये बस आणि डबीवरची दांडी दाब. मला आवाज ऐकायचाय."

लायल जाऊन बसला. त्याने दांडी दाबली. आतून वीज पोचल्याचा बारीक गुणगुणाट आला.

"चालू आहे," आर्लन म्हणाला. "डबी ठीक आहे ना?"

पिकअपमधून उत्तर यायला थोडा वेळ लागला. "आहे," लायल म्हणाला. एरवी ब्रेकवर अर्धा तास बोलणारा माणूस एका शब्दावर थांबला, हे आर्लनच्या कानाला खटकलं नाही.

अशा दुरुस्तीनंतर डबी पुन्हा सपाट रस्त्यावर तपासून घ्यायची असते. हे आर्लनला माहीत होतं, आणि दुसऱ्या कुणी तसं केलं नसतं तर त्याने ऐकवलंही असतं. पण चड्डीवाले आणि बूटवाले अजून उभे होते, आणि त्यांच्यादेखत स्वतःचंच काम तपासणं त्याला बरं दिसेना. तो ग्रीसचे हात धुवायला गेला. परत आला तेव्हा नॉर्मा आधीच जागेवर बसून पट्टा लावून तयार होती, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघत होती.

तिथून तळ्यापर्यंतचा रस्ता फळीसारखा सरळ. दोन्हीकडे मका, मध्ये एकही चौक नाही. ब्रेकला पाय लावायचं कामच पडलं नाही. नुसता गॅस कमी केला तरी गाडी ऐकत होती. आर्लनची शीळ आता खरी झाली होती.

"बघितलंस?" तो म्हणाला. "लोण्यासारखी चाललीय."

"बघतेय," नॉर्मा म्हणाली.

तळ्याच्या फाटकातून आत शिरल्यावर डावीकडे हिरवळ होती, आणि तिथे माहेरची सगळी मंडळी घडीच्या खुर्च्या टाकून ओळीने बसली होती. येणाऱ्या प्रत्येक ट्रेलरकडे बघायचं, तो कसा वळला, कसा थांबला, यावर मत द्यायचं, हा मेळाव्याचा पहिला कार्यक्रम असे. मधोमध, पायांवर चादर घेऊन टिली मावशी बसली होती. आर्लनने मनाशी ठरवलं, ट्रेलरचं दार बरोबर मावशीच्या खुर्चीसमोर आलं पाहिजे. दार उघडायचं, केक बाहेर काढायचा, आणि लायलकडे बघायचंसुद्धा नाही. तो ऐटीत थोडा जास्तच वेगात आला, मावशीकडे बघून टोपी उंचावली, आणि ब्रेकवर नुसता पाय ठेवला.

ट्रेलरची चारही चाकं एकदम आवळली. टायर असे किंचाळले, की तळ्यातली बदकं उडाली. पिकअप खुंट्याला बांधल्यासारखी जागच्या जागी उभी राहिली, आर्लनची टोपी काचेवर आपटली, आणि मागून निळ्या धुराचा एक ढग खुर्च्यांवरून सरकत गेला. पाठोपाठ लायलच्या गाडीचे टायर किंचाळले, आणि मग ग्वेन किंचाळली.

"संपलं," आर्लन म्हणाला. त्याच्या डोळ्यांसमोर लायलची शेड आली आणि वरची चार बोटं मोकळी जागा. त्याला आतून रडू फुटायचंच बाकी होतं. तो उतरला, कुणाकडेही न बघता ट्रेलरकडे गेला आणि दार उघडलं. उशा सगळ्या पुढच्या भिंतीपाशी गोळा झाल्या होत्या. खोका त्यांच्यावर पालथा पडला होता. आर्लनने गुडघे टेकले, खोका सुलटा केला, दोरी सोडली आणि झाकण काढलं.

आत मक्याची कणसं होती. सालींसकट, चांगली तीन डझन, आणि एकालाही काही झालेलं नव्हतं.

तो एक कणीस हातात धरून दारात आला, तेव्हा लायल आपल्या गाडीतून उतरत होता. त्याच्या मानेवरून पांढरं क्रीम ओघळत होतं, कॉलरमध्ये लिंबाचं सारण गेलं होतं, आणि टोपीवर, भुवयांवर, कानामागे सगळीकडे नारळाचा कीस चिकटला होता. मागच्या सीटवर ग्वेन रिकामं ताट मांडीवर घेऊन बसली होती.

"केक इकडे कसा आला?" लायलने मान न हलवता विचारलं. हलवली असती तर आणखी आत गेलं असतं.

"मी दिला," नॉर्मा म्हणाली. "ग्वेनने धरला होता. चादरीखाली."

"आणि तू चिकटून चालवत होतास," ग्वेन मागून म्हणाली. "दहा वेळा सांगितलं, अंतर ठेव, अंतर ठेव."

"पण तो असा एकदम थांबेल हे मला काय माहीत?"

टिली मावशीने काठी जमिनीवर आपटली. "त्या ब्रेकला कोणी हात लावला होता?"

"कुणी नाही," आर्लन म्हणाला. "ब्रेक ठिपक्यावर आहे."

मावशीने लायलकडे पाहिलं. नव्वद वर्षांच्या बाईने असं पाहिलं, की मानेवर केक असलेला माणूस फार वेळ टिकत नाही.

"मी जरा वाढवला," लायल म्हणाला. "थांबलो होतो तेव्हा. डबी बघितली, चकती पार खाली आलेली. माझा साडू आहे तो, उतारावर मरू देऊ का त्याला? सांगितलं असतं तर रुसला असता."

"खाली कशी आली?" आर्लनने विचारलं, आणि मग सावकाश बायकोकडे वळला.

"पेट्रोल पंपावर मी कमी केली होती," नॉर्मा म्हणाली. "जराशीच. झग्यावर कॉफी सांडली म्हणून. मग तू त्या घाणीत जाऊन झोपलास, तेव्हा मला वाईट वाटलं. तू हात धुवायला गेलास, तेव्हा मी पुन्हा वाढवली."

"मी वाढवल्यावर?" लायल म्हणाला.

"मला काय माहीत तू आधीच वाढवलीस ते? चष्मा पर्समध्ये होता."

"आणि मी खालून चारही चाकं आवळली," आर्लन म्हणाला.

"म्हणजे एकच दुखणं," मावशी म्हणाली, "आणि तिघांनी तीन औषधं दिली." मग ती आर्लनला म्हणाली, "पण दार अगदी माझ्या खुर्चीसमोर आलं हो. इंचभर इकडे नाही की तिकडे नाही."

"ते मी ठरवलंच होतं," आर्लन म्हणाला. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्याची मान ताठ झाली.

मंडळी केक वाचवायला धावली. गाडीच्या सीटवरून, पाठीवरून, आणि थोडा लायलच्या टोपीवरूनही गोळा करून एका मोठ्या भांड्यात घातला. मावशीने भांडं मांडीवर घेतलं आणि चमचा मागितला. आर्लनने घाईघाईत खिशातून काढून जो पुढे केला, तो ब्रेकचा होता. मावशीने तो न बोलता परत केला.

आर्लनने नॉर्माला ट्रेलरमागे गाठलं. तिथे अजून जळक्या रबराचा वास येत होता.

"तू केक माझ्या ट्रेलरमध्ये ठेवलाच नाहीस," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर नॉर्माला सोपं गेलं असतं. "चाळीस वर्षं मी तुला या पिकअपमधून नेतोय. केकपुरताही विश्वास नाही?"

"आर्लन," नॉर्मा म्हणाली, "लायल दर वर्षी मागतो. त्याचं तोंड बंद करायला काहीतरी बोलावं लागणार होतं, ते बोलून गेले. मग रात्रभर झोप नाही मला. ट्रेलर जायला नको होता, म्हणून तर केक त्यात ठेवला नाही. त्या गारपिटीतले तुझे डाव मला अजून फेडायचेत."

आर्लनने तिच्या झग्यावरच्या कॉफीच्या डागाकडे बघितलं, आणि मग स्वतःच्या ग्रीसच्या हातांनी तो झाकायचा प्रयत्न केला, त्यामुळे डाग दोन झाले.

लायल तळ्यात मान धुऊन आला आणि येताच म्हणाला, "असल्या ब्रेकचा ट्रेलर मला फुकट दिलास तरी नको." वाक्य साध्या सुरात होतं, पण आर्लनने ते पुढचे दोन दिवस भेटेल त्याला ऐकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा खाली झोपला, चारही चाकांचे दात नीट मोजून सैल केले, आणि या वेळी पायांच्या किती जोड्या जमल्या तरी आकडा मोठ्याने म्हटला नाही. मग रिकाम्या मैदानाजवळच्या सपाट रस्त्यावर फेऱ्या मारून डबी तपासली. चष्मा लावून ठिपका खाचेसमोर आणला. जसा होता तसा, अगदी काटेकोर.

निघायच्या आधी तो जॅक बांधायला मागे गेला. नॉर्मा पिकअपमध्ये बसून नखं रंगवत होती, असं निदान त्याला लांबून दिसलं.

परतीच्या वाटेवर नदीचा उतार आला. ट्रेलर मुकाट्याने मागून येत राहिला. पुढच्या चौकात आर्लनने ब्रेक दाबला, आणि गाडी इतकी अलगद थांबली की नॉर्माच्या काठोकाठ भरलेल्या कपातली कॉफी जागची हलली नाही.

आर्लनने खाली वाकून डबीकडे डोळे बारीक करून पाहिलं. चष्मा खिशात होता. खाचेसमोर एक गुलाबी ठिपका त्याला अंधुक दिसला. शेजारी अजून काहीतरी गुलाबी होतं, पण त्याने तिकडे लक्ष दिलं नाही.

"बघ," तो म्हणाला, "बरोबर माझ्या ठिपक्यावर. एक थेंब सांडला का?"

"नाही सांडला," नॉर्मा म्हणाली, आणि नखांवर फुंकर घालत खिडकीबाहेर बघू लागली.